ब्रेकबाईंचा उजवा पाय

शहरातल्या कितीतरी लोकांना ज्यांनी गाडी चालवायला शिकवली, त्या बाईंचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘मॅडम’. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांना ते जन्मात विसरता येत नसे. तुम्ही आपले ऐटीत निघालाय, समोरचा सिग्नल पिवळा होतोय, जावं की थांबावं असं तुमचं मनातल्या मनात चाललंय, तेवढ्यात गाडी खाडकन थांबलेली असायची आणि शेजारून आवाज यायचा, “विचार करून झाला की सांगा, मग निघू.”

लोक चिडत, घरी जाऊन नकला करत, आणि आपल्या बायकोला, बहिणीला, म्हाताऱ्या सासऱ्याला शिकायला पाठवत मात्र ब्रेकबाईंकडेच. भित्र्या माणसांचा तर त्यांच्याकडे राबता असे. चाक हातात धरल्यावर ज्यांना दरदरून घाम फुटतो अशांना बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. “तुम्ही पुढे बघा. मागचं, बाजूचं, खालचं मी बघते. इथे माझा पाय आहे.” एवढं बोलून त्या पायाने ब्रेक हलकेच दाबून दाखवत. माणसाच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जाई, आणि त्याचा जीव भांड्यात पडे. बाईंचा सगळा धंदा त्या एका पायावर उभा होता, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पन्नाशी उलटली आणि नेमका तोच गुडघा कुरकुरायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावर, मग नुसतं अंथरुणात कूस बदलतानासुद्धा. हाडांच्या टोकांवरची गादी साफ झिजून गेली होती आणि हाडावर हाड घासत होतं. घराचा जिना बाई बसून, एकेक पायरी सरकत उतरत. शेजारीण दिसलीच तर पदराने पायरी पुसल्यासारखं करत आणि म्हणत, “काय बाई धूळ येते!” शेजारणीला कळत नव्हतं असं नाही, पण तीही बिचारी “हो ना” म्हणून पुढे जाई. शेवटी एकदा चौकात ब्रेक दाबताना बाईंच्या तोंडून किंकाळी फुटली, आणि ती ऐकून शिकणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. त्या दिवशी धाकट्या भावाने त्यांना धरून सर्जनकडे नेलं.

हा भाऊ मोटार मेकॅनिक. बाईंच्या गाडीत दुसरे पेडल बसवले ते त्यानेच. सर्जन होते म्हातारे आणि गप्पिष्ट. त्यांनी समजावलं ते भावाला एकदम पटलं. झिजलेली टोकं कापायची, वर-खाली धातूच्या टोप्या बसवायच्या, मधे प्लॅस्टिकची चकती. “म्हणजे पार्ट बदलायचा,” भाऊ म्हणाला. “अगदी तसंच,” सर्जन म्हणाले, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण त्यापुढे ते जे बोलले ते दोघा भावंडांनी अर्ध्याच कानाने ऐकलं. ते म्हणाले होते, “दुखो, न दुखो, दर दोन वर्षांनी येऊन एक्स-रे काढून जायचा.”

ऑपरेशन उत्तम झालं. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला बाईंनी पहिले पंधरा दिवस शिव्यांची लाखोली वाहिली आणि निरोप घेताना तिच्या गळ्यात पडून रडल्या. मग गाडी सुरू. जिना उभ्याने उतरायचा आनंद इतका की कारण नसताना दोनदा उतरत. जे दुखणं हाडीमाशी खिळलं होतं ते गेलं, ते कसं होतं हेही आठवेनासं झालं. एक्स-रेसाठी त्या दोन वेळा गेल्या. दोन्ही वेळा सर्जन म्हणाले, “छान आहे.” तिसऱ्या वेळी शिकाऊ लोकांची परीक्षा होती, चौथ्या वेळी भाऊ तापाने आजारी, आणि त्यानंतर सर्जनच निवृत्त झाले. न दुखणाऱ्या गुडघ्याचा फोटो काढायला कोण मुद्दाम वाट वाकडी करतं?

आता इथे या भावंडांचं डोकं कसं चालायचं ते सांगायला हवं. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅड झिजत आलं की ती जीभ चाकाच्या तबकडीला घासते आणि चर्र करून किंचाळते. किंचाळली की पॅड बदलायचं, तोवर त्याला हात लावायचा नाही. बाईंनी हजारो किलोमीटर या एका आवाजाच्या भरवशावर काढले होते. झिजणारी वस्तू झिजत आली की आपण होऊन सांगते, यावर दोघांचा देवावर असावा तसा विश्वास. गुडघा बोलत नाही, म्हणजे गुडघा ठणठणीत. “किंचाळला की जाऊ की,” बाई म्हणायच्या. यात वेडेपणा काय, असं कुणीही विचारेल. वेडेपणा इतकाच की गुडघ्यात ती जीभ कुणी बसवलेली नव्हती.

अशी वर्षं गेली. पंधरा तरी असतील. मग कधीतरी बाईंना ब्रेक लांब गेल्यासारखा वाटू लागला.

“सीट मागे सरकलीय बघ,” त्या भावाला म्हणाल्या. भावाने सीट हलवून पाहिली, खालचे बोल्ट तपासले. सीट जागच्या जागी होती. तरी बहीण म्हणते म्हणजे असेल, म्हणून त्याने एक लाकडी ठोकळा तासला, त्यावर रबर चिकटवलं आणि पेडलवर घट्ट बसवून दिला. “आता कसं?” “आता बरोबर.” काही महिन्यांनी पुन्हा तेच. त्याने ठोकळ्यावर आणखी एक चकती चढवली आणि म्हणाला, “ताई, तू आखूड होत चाललीस की काय म्हातारपणी?” दोघंही हसली. पेडल जवळ आणायची अक्कल दोघांना होती. पाय का पुरत नाही, हे मात्र दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

खुणा मग एकामागून एक यायला लागल्या, पण अशा गुपचूप की त्यांना नाव देता येऊ नये. उजव्या बुटाची टाच एकाच बाजूने झिजायला लागली. संध्याकाळी गुडघा हाताला गरम लागे. बराच वेळ बसून उठलं की पहिल्या दोन-चार पावलांना पाय आपला वाटत नसे, मग रुळावर येई. “गाडी थंड असली की कुरकुर करतेच,” बाई स्वतःची समजूत घालत. दुखणं असं नव्हतंच. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही.

पण पाय शहाणा असतो. त्याने जोर लावायचं टाळायला सुरुवात केली. ब्रेक दाबण्याऐवजी बाई आता आधीच ओरडायला लागल्या, “थांबवा, थांबवा, पुढे बघा!” आणि गंमत बघा, शिकणारे खूश. “मॅडम आता पूर्वीसारखा मधेच ब्रेक मारत नाहीत,” ते एकमेकांना सांगत. “आपल्यावर विश्वास टाकतात.” बाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मग एका दुपारी त्या गाडीतून उतरल्या आणि उजवा पाय गुडघ्यात बाजूला सटकला. पडल्या नाहीत, दार धरलं. आसपास कोणी नव्हतं. दाराला धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना घाम फुटला, तसाच, जसा पहिल्यांदा चाक हातात घेणाऱ्याला फुटतो. भावाला न सांगता त्या रिक्षा करून दवाखान्यात गेल्या.

म्हाताऱ्या सर्जनच्या जागी आता एक तरुण डॉक्टरीण होती. तिने एक्स-रे उजेडासमोर धरला.

“काकू, शेवटचा एक्स-रे कधी काढला होता?”

“झाली की बरीच वर्षं. दुखत नव्हता ना.”

डॉक्टरणीने बोट ठेवून दाखवलं. धातूच्या टोपीखाली, नडगीच्या हाडात, काळे डाग होते. मोठे. “मधली प्लॅस्टिकची चकती झिजत गेली. तिचा भुगा होतो, पिठाहून बारीक. शरीर त्या भुग्यावर तुटून पडतं आणि त्या नादात स्वतःचंच हाड खातं. वरून सगळं जागच्या जागी दिसतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. टोपी एका बाजूला खचलीय, म्हणून पाय वाकडा आणि आखूड झालाय.”

बाईंना पेडलवरचा ठोकळा आठवला. त्यावर चढवलेली चकतीही आठवली.

“पण मग दुखलं कसं नाही मला?” त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, फसवल्या गेलेल्या माणसाचा.

“हाड खाल्लं जाताना दुखत नाही, काकू. मोडताना दुखतं.” डॉक्टरीण मवाळ होऊन म्हणाली, “असं सगळ्यांचं होत नाही हो. दहातले आठ-नऊ जण हा गुडघा वीस-वीस वर्षं बिनतक्रार वापरतात. उरलेल्यांना वेळेवर कळावं, म्हणून तर बोलावतो. आता हाड थोडं तरी शिल्लक आहे. लगेच केलं तर नवा सांधा बसेल. हाड मोडल्यावर आलात, तर मी कशावर बसवू? तोपर्यंत या पायावर भार नको. काठी घ्या. आणि काम बंद, आजपासून.”

“काम बसूनच आहे माझं.”

“काय काम करता?”

“शिकवते,” बाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, “मग ठीक आहे, बसून शिकवा.” ऑपरेशनची तारीख कळवते असं सांगून बाई उठल्या.

त्या घरी पोचल्या तर दारात त्यांची मुलगी.

मुलगी चाळिशीची. नवरा दोन वर्षांपूर्वी दुसरा संसार मांडायला निघून गेला आणि जाताना गाडी मागे ठेवून गेला, जणू उपकार केले. ती गाडी मुलीच्या फाटकाशी आच्छादन घालून उभी होती. शहराला गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या पोटच्या पोरीला गाडी येत नाही, हा सगळ्या नात्यागोत्यात चेष्टेचा विषय होता. ती अठराची असताना मामाने हौसेने शिकवायला नेलं, तिने गाडी सरळ गॅरेजच्या फाटकावर घातली, आणि त्यानंतर चाकाला शिवली नाही. बाईंनी किती वर्षं विनवण्या केल्या. ढिम्म.

आज ती आपण होऊन म्हणाली, “आई, मला शिकव. मला कामावर लांब टाकलंय, बस तिथे जात नाही. पण मामा नको, दुसरं कोणी नको. शेजारी तू असशील तरच मी बसेन. तुझा पाय असेल तरच.”

बाईंनी पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. एक्स-रेचं पाकीट कपाटामागे सरकवलं. आता या क्षणी खरं सांगावं, ही गोष्ट त्यांना कळत नव्हती असं कुणी समजू नये. त्यांना चांगलं कळत होतं. पण सांगितलं की ही पुन्हा कवचात शिरणार, आपण खाटेवर पडणार, आणि उठू तेव्हा शिकवायच्या लायकीचे राहू की नाही कोण जाणे. बावीस वर्षं वाट पाहिली आणि पोर आली ती आज. महिना-दीड महिना. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी दवाखाना. तेवढं हाड कळ काढील, असा हिशोब त्यांनी मांडला. मी त्यांना माफ करायला निघालेलो नाही. पण आईपणाला असली दुर्बुद्धी फार सहज सुचते.

बाकीच्या शिकाऊंना त्यांनी ‘गाडी कामाला टाकलीय’ असं सांगून वाटेला लावलं. लोकांना धोका नको, एवढं त्यांचं मन शाबूत होतं. मुलीला मात्र रोज सकाळी घेऊन निघत. “इथे माझा पाय आहे,” असं पहिल्या दिवशी नेहमीसारखं म्हणायला गेल्या आणि मधेच थांबून आरसा नीट करू लागल्या. मुलीनेच विचारलं, “आहे ना?” बाई म्हणाल्या, “पुढे बघ.”

आणि पोरगी शिकली! तेच तर मोठं दुःख. बघता बघता शिकली. पहिल्या आठवड्यात चाक असं आवळायची की बोटं पांढरी पडत. मग खांदे खाली आले. मग ती गप्पा मारू लागली, नवऱ्याच्या नकला करू लागली, वळणावर आरसा न सांगता बघू लागली. बाई शेजारी बसून बघत. मुलीचा हसरा चेहरा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांचा पाय ठोकळ्यावर नुसता टेकलेला असे. दाबायचा नाही, दाबायची वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून त्या दोनशे पावलांपुढचा रस्ता डोळ्यात तेल घालून बघत. चेंडू खेळणारी पोरं, उघडं दार, मागे येणारा ट्रक. सकाळ संपेपर्यंत त्यांची मान आखडून जाई. जिना त्या पुन्हा बसून उतरायला लागल्या होत्या. शेजारीण आता “हो ना” म्हणत नसे, नुसती बघत राही.

भावाने एकदा विचारलंच. “ताई, चालतेस कशी तू? डॉक्टरकडे जाऊन ये बरं.” “गेले होते. छान आहे म्हणाले,” बाई म्हणाल्या. इतकं सरळ खोटं त्या त्याच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्याने विश्वास ठेवला.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मुलगी म्हणाली, “आज टाकीच्या उतारावरून जाऊ.” हा उतार बाई आजवर टाळत आल्या होत्या. वर पाण्याची टाकी, खाली बाजार, दोन्हीकडे दुकानं. परीक्षक तिथे नेतो हेही खरं होतं. नाही म्हणायला कारण सुचेना.

उतार लागला. मुलीने गिअर बरोबर कमी केला, वेग बरोबर ठेवला. “बघ, जमतंय ना?” म्हणून तिने एकच क्षण मान वळवून आईकडे पाहिलं. त्याच क्षणी एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत वाचत फुटपाथवरून थेट रस्त्यात उतरले.

ओरडायला वेळ नव्हता. आयुष्यभराची सवय पायात होती, तिने कुणाला विचारलं नाही. बाईंनी सगळा भार देऊन ब्रेक दाबला.

गुडघ्याखाली काहीतरी खचलं. आवाज झाला तो बाईंनी कानांनी नाही, दातांत ऐकला. पाय पेडलवरून घसरून आडवा झाला. आणि तरीही मुलीच्या पेडलला जोडलेला तो ठोकळा आपला आपण खाली गेला, जमिनीला टेकला, गाडी जोरात हिसका देऊन थांबली. म्हाताऱ्या गृहस्थांनी दचकून वर पाहिलं, वर्तमानपत्र छातीशी धरून माफीचा हात केला आणि पलीकडे निघून गेले.

मुलगी धापा टाकत होती, पण तिचे डोळे चमकत होते. “थांबली! आई, थांबली! बघितलंस? मी मान वळवली ना, माझीच चूक, पण बरोबर थांबली. तू दाबलास की मी?”

बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. “तू,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तूच दाबलास.”

मुलगी हसली. मग तिने आईचा चेहरा पाहिला, मग नजर खाली गेली. नडगी जिथे सरळ असायला हवी तिथे सरळ नव्हती.

“अगं आई! हे काय झालं? आत्ता झालं?”

“आत्ता.”

मुलीने हातब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. सगळं नीट, शिकवल्याप्रमाणे. मागची वाहनं भोंगे वाजवायला लागली होती. ती खाली वाकली आणि तिचं लक्ष त्या ठोकळ्याकडे गेलं, त्यावरच्या चकतीकडे गेलं. रोज बसताना तिला ते कधी दिसलं नव्हतं. चाक धरणाऱ्याने पुढे बघायचं असतं. ती हळूच उठून बसली.

“आई, नुसता ब्रेक दाबून कुणाचा पाय मोडत नाही. खरं सांग. कधीपासून?”

बाईंनी सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते, एक्स-रे कुठे ठेवलाय ते, आणि तो दिवस म्हणजे मुलगी दारात उभी होती तोच, तेही. लपवायला आता काही उरलं नव्हतं. वेदनेच्या लाटा येत होत्या आणि मधल्या वेळात त्या बोलत होत्या. शेवटी त्यांना वाटलं, निदान एवढं तरी हिला द्यावं. “म्हणजे बघ,” त्या म्हणाल्या, “इतके दिवस तू एकटीच चालवत होतीस. माझ्याशिवाय. तुला येतं, बाळा.”

मुलीने चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. ती शाळेपासून बाजारापर्यंत, बाजारापासून स्टेशनपर्यंत, मुलांच्या गर्दीतून, ट्रकच्या मागून, हसत, नकला करत गेलेले सगळे रस्ते आठवत असावी.

“तिथे कोणीच नव्हतं,” ठोकळ्याकडे बघून ती म्हणाली.

तिने मामाला फोन करून उताराचा पत्ता सांगितला, ॲम्ब्युलन्स बोलावली. सरकारी दवाखाना तिथून समोर दिसत होता, बाजाराच्या टोकाला, गाडीने गेलं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाईंनी ते ओळखलं आणि कण्हत म्हणाल्या, “अगं, तूच ने ना मला. समोरच आहे.”

मुलगी दार उघडून खाली उतरली. गाडीच्या किल्ल्या तिने आईच्या मांडीवर ठेवल्या आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिली.